लेटरहेड नंतर छाप, आधी वही आण

चि. पोरी,

सांगलीहून काकाचा आशीर्वाद. तुझा व्हॉईस मेसेज दोनदा ऐकला, सातारा जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची संघटना काढायची, लेटरहेड तयार आहे, अध्यक्ष कोण ते तेवढं ठरायचंय. हसू नको म्हणालीस तरी हसलो, कारण आम्ही पण हेच केलेलं, ते लेटरहेड अजून कपाटात आहे, आमच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करणाऱ्या मावशी त्याच्या पाठीमागं किराणाची यादी लिहितात.

आम्ही एकत्र आलो ते काय ठरवून आलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, गावभागाकडनं माणसं निघायला लागली आणि आम्हा तीन आश्रमांची म्हातारी माणसं विश्रामबागच्या एका हॉलमध्ये सतरंजीवर आली. कुणाची बीपीची गोळी कुणाच्या पिशवीत, एका आजींना डायपर लागतो हे त्यांच्याच आश्रमाच्या नवीन पोराला माहीत नाही. त्या रात्री पहिल्यांदा एकमेकांची रजिस्टरं बघितली, त्याआधी आम्ही एकमेकांना डोनर पळवणारी माणसं समजायचो, खरं सांगतो. पितृपक्षात एकाकडं एका दिवशी चार जणांची जिलेबी यायची, शुगर वाढायची, आणि दोन किलोमीटरवरच्या आश्रमात आमटी-भात. पूर ओसरल्यावर पहिलं काम तेवढंच केलं, अन्नदानाच्या तारखा एका व्हॉट्सअप ग्रुपवर टाकायच्या. तुला हे धोरणबिरण वाटणार नाही, पण विश्वास तिथंच बसला बघ.

मग अंगात आलं आणि निवेदन लिहिलं. बावीस मागण्या. वीजबिलात सवलत, अनुदान, ॲम्ब्युलन्स, पाणीपट्टी माफ, जे सुचंल ते. एका ऑफिसात साहेबांनी पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, यातलं आधी काय पाहिजे? आणि आम्ही त्यांच्या समोरच भांडायला लागलो! मोठ्या आश्रमाला वीज, छोट्याला ॲम्ब्युलन्स. साहेबांनी चहा मागवला, निवेदनावर आवकचा शिक्का मारून घेतला, विषय संपला. चूक त्यांची नव्हती.

त्यानंतर एक गोष्ट बरी केली. प्रत्येकानं एक वही ठेवली, आपल्याकडं कोण आलं याची नाही, आपण कुणाला नाही म्हणलो याची. वय, कुठनं आले, कुणी पाठवलं आणि नाही का म्हणलो. तीन महिन्यांनी वह्या जोडल्या तर सगळ्यात जास्त रेघा एकाच रकान्यात, "अंथरुणावर". मिरजेला दवाखाने मोठे, आसपासच्या जिल्ह्यांतनं पेशंट येतात, ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो आणि न्यायला कोणच नसतं. आम्ही सगळेच बोर्डावर लिहितो, चालते-फिरते वृद्ध घेतले जातील. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच आम्ही सगळे मिळून दार लावत होतो आणि शासनाकडं बोट दाखवत होतो, वही जोडेपर्यंत हे कुणाला दिसलंच नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण मीटिंगमध्ये तुला कुणीतरी विचारणारच. २००७ चा जो आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे त्याचं कलम १९ नीट वाच. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठ राहतील एवढा वृद्धाश्रम, असं लोक भाषणात ठोकतात, पण मूळ इंग्रजीत शब्द आहे "मे", म्हणजे शासन असा आश्रम काढू शकेल. काढलाच पाहिजे असं नाही. सगळं त्या एका शब्दाला लटकलंय. कलम २० मात्र तुझ्या लगेच कामाचं, सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी बेड आणि वेगळी रांग. पोटगीची केस प्रांतांसमोर चालते, महिना १०,००० च्या वर देता येत नाही. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१८ चं, त्याचा जीआर प्रिंट काढून फाईलला लाव, मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, टेबलावर ठेवता आला पाहिजे.

आणि आता जे तुला आवडणार नाही ते. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं, त्यात आपल्यासारख्या संस्थांना रजिस्ट्रेशन आणि किमान दर्जा लागणार होता. आमच्या ग्रुपवर बातमी पडली आणि अनुदान मागताना पुढं असणारे निम्मे लोक गप्प झाले, दोघं तर ग्रुप सोडून गेले. विधेयक पास न होताच राहिलं आणि काहींनी सुटकेचा श्वास सोडला, त्यात थोडा मी पण होतो, लपवत नाही. पण पोरी, आपल्यावर नियम नको आणि पैसा मात्र हवा, असं म्हणणाऱ्याचं कुठला अधिकारी ऐकंल? आम्ही नंतर उलटं केलं. किती माणसांमागं एक मावशी, रात्री जागं कोण, औषधाचं रजिस्टर, पडल्याची नोंद, हे आधी आपल्याआपल्यात लिहून काढलं, सह्या केल्या आणि तो कागद घेऊन गेलो की हे पाळायला आम्ही तयार आहोत, पण अंथरुणावरच्या माणसाला जादा मावशी लागते, त्याचा खर्च कोण देणार ते सांगा. त्या दिवशी खुर्ची मिळाली बसायला. पैसे लगेच मिळाले असं समजू नको.

माझी भाची ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अशाच कामात आहे, तिकडं तर २०१८ ला वृद्धांच्या देखभालीवर रॉयल कमिशनच, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, २०२१ ला १४८ शिफारशी आल्या. तिथं चालकांच्या दोन मोठ्या संघटना वेगवेगळ्या होत्या, त्या २०२२ मध्ये एक झाल्या, २०२३ च्या जुलैपासून केअर होममध्ये चोवीस तास नर्स पाहिजे असा नियम आला, नवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून चालू. आपल्याकडं नर्स सोड, रात्रपाळीला मावशी मिळंना. तरी ती म्हणते तिथंही छोट्या गावातल्या होमना नर्स मिळत नाही म्हणून रड आहेच. ऐकून जरा बरं वाटलं, वाटू नये पण वाटलं.

अजून एक, मीटिंगला नुसते ट्रस्टी बोलवू नको. ट्रस्टी शाल घेऊन जातात. एक मावशी आण, बोलत्या दोन आजी-आजोबा आण, आणि तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघालाही विचार, ती मंडळी फेस्कॉमबरोबर, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाबरोबर, कितीतरी वर्षं हेच करतायत, त्यांना पत्र कुठल्या टेबलावर थांबतं ते पाठ आहे. पण ते कट्ट्यावर येऊ शकणारे लोक, हेही ध्यानात ठेव. ७५ च्या पुढं एसटी फुकट झाली २०२२ ला, चांगलंच झालं, पण आपल्या कोपऱ्यातल्या कॉटवरची आजी स्टँडपर्यंत जाणार कशी? तिच्या वतीनं बोलायला आपण आणि मावशीच.

समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आधी भेट, मग जिल्हा शल्यचिकित्सक. आमदारांकडं अधिवेशनाच्या आधी जा, अधिवेशन सुरू झाल्यावर ते फोन उचलत नाहीत, आणि हातात एकच पान दे. डीपीडीसीचं, म्हणजे जिल्हा नियोजनाच्या निधीचं, मागनं बघू, त्याला पालकमंत्र्यांपर्यंत ओळख लागते, तिथं मी येतो.

माण-खटावकडचे आश्रम विसरू नको, साताऱ्यात पोवई नाक्यावर बसलं की जिल्हा तिथंच संपतो असं वाटतं. पुढच्या रविवारी कराडला भेटू, तुला आणि मला दोघांनाही मधलं पडंल. येताना ती नाही म्हणल्याची वही आण, चार पानं भरली असली तरी चालंल. अध्यक्ष कोण ते विचारलंस ना, ज्याची वही सगळ्यात खरी लिहिलेली असंल त्याला करू.

काका