प्रतिमावर्तुळ तेवढेच, मग मुदत ठेव का मोडायची?

प्रश्न : मी बडोद्यात राहतो, वय ४१. वास्तूंचे आणि इंटिरियरचे छायाचित्रण हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. वर्षाला साधारण ७० दिवसांचे काम मिळते आणि दिवसाचे १२,००० रुपये घेतो. पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी सातवीत आहे. घरखर्च महिन्याला ५०,००० रुपये. माझ्याकडे कॅनन आर५ कॅमेरा आणि कॅननच्याच टीएस-ई १७ व टीएस-ई २४ (दुसरी आवृत्ती) या टिल्ट-शिफ्ट (भिंग तिरके करता किंवा वर-खाली, बाजूला सरकवता येणाऱ्या) लेन्स आहेत. ओळखीच्या एका छायाचित्रकाराचा वापरलेला फुजीफिल्म जीएफएक्स १००एस २,९५,००० रुपयांना मिळतो आहे. ३४,००० रुपयांचा इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर लावला की याच दोन्ही लेन्स त्या मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, चालतील. दोन आर्किटेक्टनी भिंतीवर लावण्याजोग्या मोठ्या प्रिंटची मागणी केली आहे. साडेचार लाखांची मुदत ठेव मोडावी, पर्सनल लोन घ्यावे, की मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातील भरणा दोन वर्षे थांबवावा? मी अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरतो, पण कॅमेऱ्याच्या दुकानात सांगितले की घसारा (यंत्राच्या किमतीत वर्षाला होणारी घट) मिळून कर वाचेल. विकणारे गृहस्थ रविवारपर्यंत २०,००० रुपये टोकन मागत आहेत.

उत्तर : मुदत ठेव मोडू नका आणि रविवारी टोकनही देऊ नका. कारणे सविस्तर सांगते, कारण आपण ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायला निघाला आहात तिचा मोठा भाग आपल्याकडे आधीपासूनच आहे, असे आपले आकडे कागदावर मांडल्यावर मला दिसले.

माझ्या वडिलांचा घडियाळी पोळेजवळ फोटो स्टुडिओ होता. इमारतींच्या कामासाठी ते लाकडी फील्ड कॅमेरा नेत. सुरसागरच्या बाजूने न्यायमंदिराचा फोटो घेताना त्यांनी एकदा मला काळ्या कापडाखाली डोके घालू दिले होते. घासलेल्या काचेवर अख्खी इमारत उलटी दिसत होती आणि तिच्या छपराची कड काचेच्या खाली कापली गेली होती. वडिलांनी पुढच्या फळीचा स्क्रू सैल करून भिंग अर्धा इंच वर सरकवले, तशी ती कड खालून हळूहळू आत आली आणि खांब मात्र सरळच राहिले. त्यांनी फळी आणखी वर नेली तेव्हा काचेचे खालचे दोन्ही कोपरे काळे पडले. भिंग एक ठरावीक आकाराचे वर्तुळ काढते आणि आपण त्या वर्तुळाच्या आतच सरकू शकतो, हे त्या दिवशी मला समजले, आणि आपला संपूर्ण प्रश्न त्या वर्तुळाभोवतीच फिरतो.

कॅननने २००९ साली आणलेल्या आपल्या दोन्ही लेन्सचे प्रतिमावर्तुळ ६७.२ मिलिमीटर व्यासाचे आहे. आर५ चा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असल्यामुळे तो या वर्तुळात ऐसपैस बसतो आणि लेन्सची पूर्ण १२ मिलिमीटर शिफ्ट कोणत्याही दिशेला वापरता येते. जीएफएक्स १००एस चा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिलिमीटरचा आहे. हा मोठा आयत त्याच वर्तुळात ठेवून गणित केले तर आडव्या चौकटीत वरच्या दिशेने सुमारे ९ मिलिमीटर आणि उभ्या चौकटीत सुमारे ७.४ मिलिमीटर एवढीच शिफ्ट उरते. स्क्रू १२ पर्यंत फिरेल, पण कोपरे काळे येतील. आता मध्यरेषेपासून चौकटीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर पाहा. आडव्या चौकटीत आर५ वर ते निम्म्या चौकटीचे १२ अधिक शिफ्टचे १२, म्हणजे २४ मिलिमीटर होते, आणि जीएफएक्सवर साधारण साडेपंचवीस. उभ्या चौकटीत आर५ वर ३०, तर जीएफएक्सवर २९.३. म्हणजे मांडवीच्या अरुंद रस्त्यावर त्याच जागी, तीच लेन्स लावून उभे राहिलात तर इमारतीचे टोक दोन्ही कॅमेऱ्यांत जवळजवळ सारख्याच उंचीपर्यंत येईल. फरक एवढाच की जीएफएक्सवर ते वर्तुळाच्या अगदी काठावरून येईल, जिथे प्रत्येक भिंग थोडे मऊ पडते.

मोठ्या सेन्सरमुळे २४ एमएम लेन्स फुल फ्रेमच्या (आर५ एवढ्या सेन्सरच्या) हिशेबात १९ एमएमसारखी रुंद दिसेल, हे खरे आहे. परंतु तेवढा रुंद कोन हवा असेल तेव्हा आपल्या बॅगेत १७ एमएम आहेच, आणि तीही पूर्ण १२ मिलिमीटर शिफ्टसह. तीच १७ एमएम जीएफएक्सवर साडेतेरा एमएमसारखी होते. त्या रुंदीला खोलीच्या कडेची खुर्ची इतकी ताणली जाते की ती घडवून घेणारा इंटिरियर डिझायनर ते छायाचित्र परत पाठवेल.

मग मेगापिक्सेलचे काय, असे आपण विचाराल. आर५ आडवा ठेवून लेन्स १२ मिलिमीटर खाली, मध्यावर आणि १२ मिलिमीटर वर अशा तीन चौकटी घ्या आणि जोडा. हाती येणारे चित्र ३६ × ४८ मिलिमीटरच्या सेन्सरवर टिपल्यासारखे असते, म्हणजे क्षेत्रफळाने जीएफएक्सच्या सेन्सरपेक्षाही मोठे, आणि वर्तुळाच्या पूर्ण आत. पिक्सेल भरतात सुमारे ८९ दशलक्ष. जीएफएक्सचे १०२ दशलक्ष आहेत. जवळच्या वस्तू चौकटीत असतील तर कॅमेऱ्याऐवजी लेन्सच ट्रायपॉडला धरून ठेवणारी कॉलर लावावी, म्हणजे जोड फसत नाही. या पद्धतीला उपकरणाच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्च येतो.

प्रिंटच्या मागणीकडेही बारकाईने पाहावे. आर५ ची एकच चौकट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २७ × १८ इंच छापता येते. बारा इंची चौरस पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने त्यात आरामात मावतात. जीएफएक्सची चौकट त्याच घनतेला सुमारे ३९ × २९ इंच जाते. हा फरक खरा आहे, परंतु भिंतीवरची चार फुटी प्रिंट माणूस सहा-सात फुटांवरून पाहतो आणि तिथे निम्मी घनताही पुरते. आपल्या दोन आर्किटेक्टना प्रिंट किती इंचांची हवी आहे आणि ती किती अंतरावरून पाहिली जाणार आहे, हे आपण अजून त्यांना विचारलेले नाही, असे पत्रावरून वाटते. तेवढे आधी विचारा.

मीडियम फॉरमॅटचे श्रेय मी नाकारत नाही. जिथे माणसे वावरत आहेत, पडदे हलत आहेत, पंखा फिरतो आहे, तिथे तीन चौकटी जोडणे जमत नाही आणि एकाच क्लिकमध्ये १०२ मेगापिक्सेल मिळणे ही मोठी सोय आहे. चार-तीन प्रमाणाची चौकट दालनांना शोभते. अडॅप्टरबाबतही आपला विचार योग्य आहे. या लेन्सवर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणारे, लहान-मोठे होणारे छिद्र) कडी नाही, ते कॅमेऱ्याकडून विजेच्या संकेतावर चालते, त्यामुळे साध्या पोकळ अडॅप्टरवर लेन्स पूर्ण उघडीच राहील आणि दोन हजारांत काम भागवण्याचा मोह महागात पडेल. फोकस मुळातच हाताने करायचा असल्याने ऑटोफोकस गमावण्याचा प्रश्न येत नाही. मात्र कॅननच्या लेन्सला सेन्सरपासून ४४ मिलिमीटर अंतर लागते आणि जीएफएक्सचे अंतर २६.७ आहे, तेव्हा मधले १७.३ मिलिमीटर हा अडॅप्टर भरून काढतो. तो केसभर तिरका असला तरी चित्राची एक बाजू मऊ येते.

आता पैसे. आपण ३,२९,००० रुपयांचा हिशेब केला आहे. १०२ मेगापिक्सेलच्या रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ) फाइल कम्प्रेस करूनही शंभर एमबीच्या आगेमागे असतात, त्यामुळे कार्ड, हार्ड डिस्क, जादा बॅटऱ्या आणि उपकरणाचा स्वतंत्र विमा यांचे आणखी ४६,००० रुपये धरा. (घराच्या विमा पॉलिसीत व्यवसायाची उपकरणे सहसा धरलेली नसतात.) एकूण ३,७५,००० झाले. चार वर्षांनी हे सामान १,४०,००० ला विकले जाईल असे मी गृहीत धरते आणि ही अपेक्षा उदार आहे. फुजीफिल्मने १०० मेगापिक्सेलचा पहिला जीएफएक्स २०१९ मध्ये ९,९९९ डॉलरला आणला, १००एस २०२१ मध्ये ५,९९९ ला आणि त्याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये ४,९९९ ला. नवा कॅमेराच स्वस्त होत गेला की जुन्याची किंमत टिकत नाही. लेन्सचे तसे नसते, आणि आपली बरीचशी गुंतवणूक लेन्समध्ये आहे हे आपण चांगलेच केले आहे.

चार वर्षांत २,३५,००० रुपयांची घट, म्हणजे वर्षाला ५८,७५०. त्यात ३,७५,००० वर सात टक्क्यांनी बुडणारे सुमारे २६,००० रुपये व्याज मिळवा. वर्षाचा खर्च ८५,००० रुपये. सत्तरही दिवसांवर तो वाटला तर दिवसाला १,२०० रुपये पडतात आणि हा आकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु बाकीचे ग्राहक आजच्या कॅमेऱ्यावर समाधानी आहेत आणि ते वाढीव दर देणार नाहीत. त्या दोन आर्किटेक्टांचे वर्षाला दहा दिवस काम निघाले तर याच कॅमेऱ्याचा एका दिवसाचा खर्च ८,५०० रुपये होतो, म्हणजे आपल्या दिवसाच्या फीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक. अहमदाबाद किंवा मुंबईहून कॅमेरा आणि अडॅप्टर भाड्याने आणायला दिवसाला याहून कमी लागत असेल, तर दहा दिवसांसाठी भाडेच परवडते, आणि ते ग्राहकाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून लावताही येते.

पैसा कोठून आणावा या प्रश्नाचे उत्तर यामुळे बरेच सोपे होते. आपली साडेचार लाखांची ठेव म्हणजे नऊ महिन्यांचा घरखर्च आहे. पावसाळ्यात बाहेरची कामे थांबतात आणि ग्राहकांची बिले रेंगाळतात, अशा व्यवसायात मी नऊ महिन्यांना जास्त म्हणणार नाही. कॅमेरा घेतल्यावर ७५,००० उरतील, म्हणजे दीड महिना. ठेवीवर कर्ज काढणे पर्सनल लोनपेक्षा स्वस्त असते, कारण व्याज बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्केच जास्त असते, परंतु तेवढी ठेव बँकेकडे अडकते आणि अडचणीच्या वेळी हाती येत नाही. सुकन्या खाते वर्षाला किमान २५० रुपये भरून चालू राहते हे बरोबर आहे, तरीही कॅमेऱ्यासाठी तिथला भरणा थांबवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आठ टक्क्यांहून अधिक करमुक्त व्याज देणारी दुसरी सुरक्षित जागा मुलीसाठी आपल्याला सापडणार नाही.

दुकानात सांगितलेली कराची गोष्ट आपल्याला लागू नाही. आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरता असे लिहिले आहे. त्या योजनेत उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला उत्पन्न मानतात आणि घसारा त्यातच वजा झालेला धरतात, तो वेगळा मागता येत नाही. घसाऱ्यासाठी योजनेतून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही. याविषयी चार्टर्ड अकाउंटंटशी बोलल्याशिवाय काही करू नये.

मला सर्वांत काळजी पुढच्या पायरीची वाटते. नऊ मिलिमीटर शिफ्ट कमी पडू लागली की आपले लक्ष फुजीच्या स्वतःच्या ३० एमएम टिल्ट-शिफ्टकडे जाईल. २०२३ मध्ये आलेल्या त्या लेन्सची शिफ्ट १५ मिलिमीटर आहे आणि ती मीडियम फॉरमॅटसाठीच बनवलेली आहे. तिची किंमत तेव्हा ३,९९९ डॉलर होती. अडॅप्टरमुळे वाचलेले पैसे तेव्हा वाचलेले राहणार नाहीत.

वडिलांच्या खतावणीत प्रत्येक यंत्राच्या नावाचे एक पान असे. डावीकडे किंमत आणि दुरुस्ती, उजवीकडे त्या यंत्रामुळेच मिळालेली कामे. आपणही जीएफएक्सच्या नावाचे पान आजच उघडा आणि उजवीकडे फक्त लेखी वर्क ऑर्डर लिहा. वर्षाला ३५ दिवस भरू लागले तर दिवसाचा खर्च २,४०० वर येतो, आणि तेवढी फीवाढ ग्राहकांनी लेखी मान्य केली तर मी आनंदाने खरेदीच्या बाजूने उभी राहीन. तोवर महिन्याला १५,००० रुपये वेगळ्या रिकरिंग खात्यात टाकत गेलात, तर पंचवीस महिन्यांत पूर्ण रक्कम ठेवीला हात न लावता जमेल.

विकणाऱ्या गृहस्थांशी आपली ओळख आहे, तेव्हा टोकनऐवजी एक दिवसाचे भाडे देऊन त्यांचा कॅमेरा मागा आणि त्या दिवसापुरता अडॅप्टरही मिळवा. सकाळी लक्ष्मी विलास पॅलेससमोर २४ एमएम लावून एफ/८ आणि एफ/११ अ‍ॅपर्चरला शून्य, ६ आणि ९ मिलिमीटर शिफ्टच्या चौकटी घ्या. लगेच त्याच ट्रायपॉडवर आर५ लावून तीन जोडचौकटी घ्या. दोन्हींच्या ३६ इंची प्रिंट काढा, मागे नाव लिहू नका आणि त्या दोन आर्किटेक्टना दाखवा. त्यांनी काय निवडले आणि त्यासाठी किती जास्त द्यायला ते तयार आहेत, ते मला कळवा. मग आपण हा हिशेब पुन्हा मांडू.