कुड्याची साल ताकातच का उगाळावी?

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्याकडे आव पडू लागली की आजी कुड्याची साल ताकात उगाळून देत असे. प्रकल्पासाठी मी त्या सालीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला आणि ड्रॅगेनडॉर्फ चाचणीत नारिंगी अवक्षेप मिळाला. यावरून आजीचे औषध सिद्ध झाले, असे लिहिता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

उत्तर : नाही, तसे लिहू नये. अर्कात अल्कलॉइड वर्गातील, म्हणजे वनस्पतींत आढळणारी नायट्रोजनयुक्त संयुगे असावीत, एवढेच त्या अवक्षेपावरून म्हणता येते. ती कोणती, किती आणि रोगजंतूंवर त्यांचा परिणाम होतो की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय कुड्याच्या सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असते, ही जुनी माहिती आहे. मला तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा शब्द वाटतो तो ‘ताक’.

मूळ रूपातील बहुतेक अल्कलॉइडे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, परंतु आम्लाशी संयोग होऊन त्यांचे क्षार बनले की ती पाण्यात सहज उतरतात, आणि ताकात लॅक्टिक आम्ल असते. म्हणून अल्कोहोलमधील अर्काच्या जोडीने ताकातला अर्कही अवश्य तपासा. मात्र लॅक्टिक आम्ल स्वतःच अनेक जिवाणूंची वाढ रोखते. जिवाणूंवरचा परिणाम पाहण्यासाठी आगर या जेलीसारख्या थरावर जिवाणू वाढवलेल्या बशीत खाच पाडून तीत अर्क घालतात आणि जिवाणू वाढले नाहीत तिथे स्वच्छ वर्तुळ दिसते. त्यामुळे त्याच आगर-बशीत, त्याच आम्लतेचे नुसते ताक दुसऱ्या खाचेत घातल्याशिवाय, अर्काभोवती दिसणारे स्वच्छ वर्तुळ सालीमुळे पडले की ताकामुळे, हे ठरवता येणार नाही. अल्कोहोलचीही अशीच वेगळी खाच हवी.

औषध करण्याची रीत किती महत्त्वाची असते, हे चीनमधील औषधशास्त्रज्ञ तू यूयू यांच्या कामातून दिसते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात हिवतापासाठी छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा, असे सांगितले होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा, असे अनुमान करून तू यूयू यांनी 1971 मध्ये ईथरने कमी तापमानावर अर्क काढला, आणि त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध हाती आले.

आणखी एक अडचण अशी की आव जिवाणूंमुळे होते तशी अमीबामुळेही होते, आणि कोनेसीनची ख्याती प्रामुख्याने अमीबाविरुद्धची आहे. आगर-बशीतील जिवाणूंवर काहीच परिणाम दिसला नाही, तरी आजीचे औषध निरुपयोगी होते असे ठरत नाही. अमीबावरील चाचणीसाठी मात्र तशी सोय असलेली प्रयोगशाळाच गाठावी लागेल.

हे सारे करण्याआधी साल नेमकी कोणत्या झाडाची आहे, याची खात्री करून घ्या. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली आढळते. पांढऱ्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, तर काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या असतात. ज्या झाडाची साल काढली, त्याचीच फुलाफळांसह फांदी दाबून वाळवा आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संस्थेकडून ओळख पटवून घेऊन तो नमुना क्रमांकासह जपून ठेवा.