लोअर केलेल्या (उंची कमी केलेल्या) स्विफ्टला १५ मिमीचे व्हील स्पेसर मूळच्या स्टडवर चालतील का? (नांदेड)

नाही, मूळच्या स्टडवर (चाकाचे नट ज्यावर आवळतात त्या बोल्टवर) १५ मिमीचा स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती) बसवू नये, कारण तेवढ्या जाडीनंतर नटाला पुरेसे आटे उरत नाहीत आणि १२ मिमी जाडीच्या स्टडवर नट किमान १२ मिमी तरी आत गेलाच पाहिजे. एवढी जाडी हवीच असेल, तर लांब स्टड बसवून ४ × १०० पीसीडीचा (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड), हबवर नेमका बसणारा ५४.१ मिमी मध्यछिद्राचा स्पेसर घ्यावा. चाकाचा ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर, मिमीमध्ये) ४५ असेल तर स्पेसरमुळे तो ३० होतो, म्हणजे टायर फेंडरकडे १५ मिमी सरकतो; लोअर गाडीत खरी अडचण इथेच येते. त्यामुळे रिकाम्या गाडीचे मोजमाप पुरेसे मानू नये. चार माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गतिरोधकावर टायर घासतो का हे आधी पाहावे.