गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन पेनांगच्या बंदरातून पेनांग हिलवर कसं जायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि डोळ्यासमोर माझी आईच आली. सिंगापूरहून क्रूझ, मलेशियातल्या पेनांगला एक दिवस मुक्काम, सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा "बघू पुढच्या वर्षी" वर ढकललेला, काठी घेऊन सोसायटीत फिरतात पण सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही, आणि त्यांना पेनांग हिलवर जायचंच आहे, तर जहाजाची टूर घ्यायची की आपलं आपण जायचं आणि चालावं किती लागेल, असं तुम्ही विचारलंय. आम्ही २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत हेच सगळं केलं, आई ७६ ची, दोन्ही गुडघे ओरिजिनल आणि दोन्ही कामातून गेलेले, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

पहिलं म्हणजे जा, नक्की जा, तिथे चालणं खरंच फार कमी आहे. पण तुम्ही "किती चालावं लागेल" असं विचारताय ना, तसंच मीही विचारलं होतं, सगळ्यांनी "काही नाही हो, गाडी दारात, ट्रेन वर" असं सांगितलं आणि ते खरंही निघालं, पण "किती वेळ उभं राहावं लागेल" हे मी कोणाला विचारलंच नाही. आईची वाट तिथे लागली. गुडघेवाल्या माणसाला दोनशे पावलं चालवतील पण वीस मिनिटं एका जागी उभं राहवत नाही, हे घरात रोज बघत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता बंदरापासून सांगते. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला थेट धक्क्याला लागतं, काही ठिकाणी जहाज समुद्रात थांबवून छोट्या बोटीत उतरवतात तसं इथे नाही, आणि धक्का जॉर्जटाउनच्या, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहराच्या, अगदी कुशीत आहे. पण जहाज मोठं असेल तर तुमची केबिन, लिफ्ट, जिना, मग धक्क्यावरून टर्मिनल, मग बाहेरचं गेट, हे सगळं मिळून पाचसातशे पावलं सहज होतात आणि ती कोणी मोजतच नाही. आदल्या रात्री जहाजाच्या काउंटरवर जाऊन व्हीलचेअर सांगून ठेवा. बहुतेक जहाजांवर ती चढण्या-उतरण्यापुरतीच देतात, शहरात नेऊ देत नाहीत, पण तेवढीही पुरते. आणि सकाळी पहिल्या लोंढ्यात उतरू नका, गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवर, अर्धा तास उभं राहण्यापेक्षा सासूबाईंना निवांत दुसरा चहा पिऊ द्या.

टर्मिनलच्या बाहेर पडलात की टॅक्सीवाले घेरतील. दिवसभराचं पॅकेज, चार ठिकाणं, मंदिर फ्री वगैरे. वाईट माणसं नाहीत, पण भाव जहाज बघून सांगतात. आम्ही हसून पुढे गेलो. गेटजवळच एक पांढरं जुनं घड्याळाचं टॉवर दिसतं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून १८९७ साली तिथल्या एका चिनी शेटजींनी बांधायला घेतलेलं, वर्षाला एक फूट या हिशोबाने ६० फूट उंच, आणि नीट बघितलं तर जरासं कललेलं आहे, दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडले त्याचा तो परिणाम म्हणतात. आई म्हणाली "माझ्यासारखंच आहे की, एका पायावर जोर देऊन उभं." तर ग्रॅबची गाडी या टॉवरपाशी बोलवा, ड्रायव्हरला लगेच समजतं.

ग्रॅब म्हणजे तिकडची ओला-उबर. ॲप भारतातूनच डाउनलोड करा, आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन ठेवा, तिथे गेल्यावर ओटीपी आला नाही तर डोकं फुटतं. पैसे कॅश देता येतात त्यामुळे थोडे रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसे, हातात असू द्या. बंदर ते हिलचं खालचं स्टेशन, एअर इताम भागात, साधारण आठ-नऊ किलोमीटर आहे, ट्रॅफिक नसेल तर पंचवीस मिनिटं, आम्हाला विसेक रिंगिट पडले, चौघं जण एसीत बसून. २०४ नंबरची बसही जाते, जेट्टीच्या बस टर्मिनलवरून सुटते, दोन-तीन रिंगिटात काम होतं, पण तिची वाट बघणं, पायरी चढणं, जागा नाही मिळाली तर उभं राहणं, नको. तरुण पोरं असतील तर बस, सासूबाई असतील तर ग्रॅब, यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता मेन गोष्ट. वर जायला फ्युनिक्युलर ट्रेन आहे, म्हणजे आपल्या वणीच्या सप्तशृंगी गडावर ट्रॉली झालीये ना, दोराने ओढत नेणारी, तोच प्रकार, फक्त लांब. ती १९२३ साली सुरू झाली, जुन्या डब्यांत मध्ये एका स्टेशनवर उतरून गाडी बदलावी लागायची आणि अर्धा तास जायचा, २०११ मध्ये नवीन स्विस गाड्या आल्यापासून सरळ वर, दोन किलोमीटरचा रूळ, पाच-दहा मिनिटांत खलास. एका खेपेला शंभरेक माणसं मावतात. आता ऐकायला हे छान वाटतं, पण सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं येतात आणि प्रत्येक जण त्या शंभरात बसायला बघत असतो.

तिकिटं दोन प्रकारची. साधं, आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला जाऊन-येऊन ३० रिंगिट, आणि फास्ट लेन, ८०. तुम्ही जाल तेव्हाचा भाव त्यांच्या वेबसाईटवर बघून घ्या. मी काय केलं, चौघांचे फरकाचे २०० रिंगिट म्हणजे चार हजाराच्या आसपास, ते वाचवले. सकाळी नऊला कोण येतंय म्हणून. मलेशियात दीपावलीची सरकारी सुट्टी असते आणि आम्ही गेलो तो तिला लागूनच आलेला शनिवार होता, हे मी मराठी असून माझ्या लक्षात आलं नाही! अर्धं मलेशिया तिथे.

लाईन आपल्या तिरुपतीसारखी, रेलिंगमध्ये वळणं घेत जाणारी, मध्येच बाहेर पडायला जागा नाही. पहिली दहा मिनिटं आई बरी होती. मग ती काठी या हातातून त्या हातात घ्यायला लागली, मग रेलिंगला टेकली, मग रेलिंगच्या खालच्या नळीवर एक पाय ठेवायला लागली, मी ओळखलं. मुलाने बॅग खाली ठेवली, त्यावर ती बसली, लाईन दोन फूट सरकली की उठायचं, परत बसायचं, आणि गुडघ्याला हे उठ-बसच सगळ्यात वाईट. चौथ्यांदा उठताना म्हणाली, "अगं, उभं राहायचंच तिकीट काढलंयस का तू?" मागे एक तमिळ कुटुंब होतं, त्यांच्यातल्या मावशींनी पुढे जाऊन गार्डला आणलं, त्याने काठी बघितली आणि मला जरा रागानेच विचारलं की आधी का नाही सांगितलंत. मग आईला आणि मला बाजूच्या वाटेने लिफ्टने नेलं. म्हणजे सोय होती! मागायची होती फक्त. तेव्हा तुम्ही गेल्या गेल्या पहिल्याच माणसाला काठी दाखवा, लाजू नका, आणि तरीही फास्ट लेन काढाच, कारण गर्दीत गार्ड दिसेलच असं नाही आणि खाली येताना लाईन परत तेवढीच असते, किंबहुना जास्त, सगळ्यांना एकदमच घरी जायचं असतं.

प्लॅटफॉर्म आणि डबा दोन्ही जिन्यासारखे आहेत, उतारावर उभे ना, त्यामुळे प्रत्येक कप्पा वेगळ्या पायरीवर. बसायच्या जागाही मोजक्याच, बाकीचे उभे. सासूबाईंना दाराजवळच्या सीटवर बसवा आणि दोन्ही बाजूंना घरचं माणूस उभं करा, वर जाताना चढ मधूनच एकदम तीव्र होतो तेव्हा उभी माणसं एकमेकांवर कलतात. कानाला थोडे दडे बसतात, बाकी काही नाही.

वर पोचलात की हवा बदलते. खाली घामाने चिंब, वर छान गारवा, डोंगर सगळ्यात उंच जागी ८३३ मीटर आहे, माथेरानच्या जवळपासच. स्टेशनच्या बाहेरच कठडा आहे, तिथून अख्खं जॉर्जटाउन, समुद्र, पलीकडच्या किनाऱ्यावरचं बटरवर्थ गाव आणि तो साडेतेरा किलोमीटरचा पेनांग ब्रिज दिसतो, आणि आमचं जहाज एवढं अकरा-बारा मजली, ते काडेपेटीएवढं. तुमच्या सासूबाईंनी तिथेच बाकावर बसून राहायचं ठरवलं तरी पैसे वसूल. पुढे जायचं तर बग्गी मिळते, गोल्फवाली असते तशी, ती भाड्याने घेऊन चक्कर मारा, बसण्याआधी कुठपर्यंत नेणार, किती वेळ आणि किती पैसे हे विचारून घ्या. वरती मुरुगन स्वामींचं देऊळ आहे, रंगीत गोपुर, जवळच मशीद. देवळाकडे जायला चढ आहे, छोटाच पण आहे, बग्गीवाल्याला सांगा. जंगलातल्या उंच पुलावरून चालायचं तिकीट वेगळं मिळतं, तिकडे आमचे बाप-लेक गेले, आई आणि मी खाली आइस कचांग खात बसलो, म्हणजे बर्फाचा चुरा, राजमा, मका, जेली, वर लाल सिरप. आईला राजमा गोडात आवडला नाही पण सगळं संपवलं.

पाऊस मात्र धरून चाला. दुपारनंतर ढग आले की अख्खा देखावा पाच मिनिटांत पुसला जातो. म्हणून जहाज सकाळी लागत असेल तर हिल आधी, बाकी सगळं नंतर. जहाज दुपारी लागत असेल तर आकाश बघूनच निघा.

जहाजाच्या टूरबद्दल. तिचा एक मोठा फायदा आहे, बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्हाला उशीर झाला तर नाही थांबत. पण चाळीस माणसांची बस म्हणजे सगळे जमेपर्यंत उभं राहणं, प्रत्येक स्टॉपला चढ-उतार, झेंडा घेऊन पळणारा गाईड, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसामुळे बाकीचे खोळंबलेत ही टोचणी वेगळी. आमच्या टेबलावरचे एक काका टूरने गेले होते, ते संध्याकाळी जेवायलाही आले नाहीत. मी आपलं आपण जायच्याच मताची आहे, फक्त वेळ नीट धरा. जहाजावर परत यायची जी वेळ दिलीय तिच्या तीन तास आधी हिलवरून खाली यायच्या लाईनला लागा. जास्त वाटेल, पण पाऊस पडला की ग्रॅब लवकर मिळत नाही, भाडंही वाढतं, आम्हाला दुप्पट पडलं.

वेळ उरलाच तर तिथून दहा मिनिटांवर केक लोक सी नावाचं प्रचंड बौद्ध देऊळ आहे. खालून गेलात तर पायऱ्याच पायऱ्या आणि दुकानंच दुकानं, तसं करू नका, गाडी रस्त्याने वरच्या पार्किंगपर्यंत जाते तिथे उतरा, पुढे तिरकी लिफ्ट आहे ती थेट क्वान यिन या बौद्ध देवीच्या ३० मीटरच्या ब्राँझच्या मूर्तीपाशी सोडते. आईने त्या मूर्तीला आपल्या देवीसारखा मनोभावे नमस्कार केला आणि मग मला म्हणाली, इथे लाईन नाही बघ.

एक घडीचं हलकं स्टूल बॅगेत टाका, ट्रेकिंगवाल्यांकडे मिळतं ते, पाऊण किलोचं. आम्ही परत आल्यावर घेतलं.