सगळेच अलर्ट लाल दिसत असतील तर आधी कुठला हातात घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की सायबर सुरक्षेच्या टीममध्ये तिघंच आहात, स्क्रीनवर सगळंच क्रिटिकल दिसतंय, मग सुरुवात कुठून करायची. मी याच कामात आहे, माझं सांगतो. अलर्टच्या रंगावर फार जाऊ नका, तो टूलने दिलेला असतो आणि त्या मशीनवर नेमकं काय चालतं हे टूलला धड माहीत नसतं.

मी आधी एवढंच बघतो की हे अर्धा तास तसंच सोडलं तर किती बिघडेल. एका लॅपटॉपवर ॲडवेअर (नको त्या जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर) सापडलं, राहू दे संध्याकाळपर्यंत. पण ॲडमिन अकाउंटने भलत्याच वेळी चार सर्व्हरवर लॉगिन झालंय आणि कुठेतरी बॅकअप डिलीट व्हायला लागलेत (रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारे, लॉक करायच्या आधी बहुतेक वेळा हेच करतात) तर हातातलं सगळं टाकून तिकडे पळायचं. बॅकअप आणि डोमेन कंट्रोलर (कंपनीतली सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) गेले की सावरणं फार अवघड. २०१७ च्या नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर जगभर उडाले, घानाच्या ऑफिसातला एक तेवढा वाचला, तोही तिथली लाइट गेली होती म्हणून!

निस्ट या अमेरिकी सरकारी मानक संस्थेच्या ८००-६१ गाइडची (सायबर हल्ला झाल्यावर काय करायचं याचं) २०१२ ची आवृत्ती पण हेच म्हणते, आल्या नंबराने घेऊ नका, काम किती अडलंय, माहिती कुठली गेलीय आणि सावरायला किती लागेल यावर ठरवा.

मशीन संशयास्पद वाटलं की लगेच बंद करायची घाई नको, मेमरीतले पुरावे जातात. नेटवर्कमधून तोडा, चालू राहू द्या. तोडताच येत नसेल आणि फाइल्स लॉक होत चालल्या असतील तर मात्र सरळ बंद करा, तिथे पुराव्यापेक्षा डेटा महत्त्वाचा. पासवर्ड बदलायचे, पण चोर आत असताना एकेक करून बदललेत तर तो सावध होतो आणि दुसरीकडून शिरतो. आणि हे सगळं ऑफिसच्या मेलवर बोलू नका, तो मेल तोही वाचत असू शकतो, फोनवर बोला.

शिवाय कायद्याचं घड्याळ वेगळंच असतं, युरोपातल्या लोकांचा डेटा असेल तर जीडीपीआरमध्ये (युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा) डेटा फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत तिथल्या नियामकाला कळवायचं असतं. म्हणून तिघंच असलात तरी काय कधी दिसलं, कुणी काय तोडलं याची वेळेसकट नोंद एकाने ठेवायचीच, बाकीच्या दोघांनी त्याला मध्येच दुसऱ्या कामाला लावू नये.