शिंगं उकिरड्यावर टाकलीत, ते चुकलंच

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. सहामाहीत 58 टक्के पडले. दोन वर्षं झाली, गच्चीवर म्हशीची शिंगं तासून कोरियन पद्धतीचं धनुष्य करत बसतो. खाटकाकडून जनावराच्या पायातल्या नसा आणतो, सरस शिजवतो. एक धनुष्य केलं, तेही पावसाळ्यात वाकडं झालं. आमच्या घराण्यात असलं काम कोणी केलेलं नाही. गेल्या महिन्यात मी सगळं उकिरड्यावर टाकलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्या डोक्यातून हे खूळ कसं काढू? नाहीतर निदान यावर खेळाडू कोट्यातून नोकरी तरी लागेल का?
– एक वडील, पंढरपूर तालुका

उत्तर : 58 टक्क्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘आमच्या घराण्यात असलं काम कोणी केलेलं नाही’ या वाक्याची. मुलगा गच्चीवर क्रिकेटची बॅट तासत असता, तर ती तुम्ही उकिरड्यावर टाकली असतीत? रागावला असतात, अभ्यासाला बस म्हणाला असतात, पण टाकली नसती. तुम्हाला मार्कांपेक्षा शिंगांची आणि नसांची लाज वाटते आहे. मेलेल्या जनावराला हात लावणारा माणूस हलका, ही समजूत कुठून आली हे तुम्हालाही ठाऊक आहे. ती मुलाच्या गळ्यात बांधू नका.

तुम्ही काय टाकलंत, तेही ऐका. कोरियाच्या गाकगुंग धनुष्यात बांबूच्या गाभ्याला आतल्या, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने म्हशीचं शिंग आणि बाहेरच्या बाजूने कंडरा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नसा, चिकटवतात. धनुष्य ओढलं की आतलं शिंग दाब सोसतं आणि बाहेरची कंडरा ताण सोसते. कंडरा वाळवायची, कुटायची, तिचे केसासारखे धागे सोडवायचे, सरसात भिजवून थरावर थर बसवायचे, आणि एक थर सुकल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. उत्तम सरस माशाच्या भोताचा, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा. कोरियात तो मिन-ओ माशाचा घेतात, आपला घोळ त्याच कुळातला. शिंगाची पट्टी लांबच लांब लागते आणि कोरियाला ती बाहेरून आणावी लागते. तुमच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात! या पोराने दारातली वस्तू ओळखली. ही नजर कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

धनुष्य पावसाळ्यात वाकडं झालं म्हणून त्याला जमत नाही, असं ठरवू नका. सरस दमट हवेत ओल धरतो. म्हणून कोरियन तिरंदाज अशी धनुष्यं उबदार कपाटात ठेवतात. मुघल काळात आपल्याकडे पोलादी धनुष्यं वापरात होती, त्यामागे ही हवाही एक कारण मानतात.

आता कोट्याचं. ही गल्लत बरेच पालक करतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे ते खेळाडूंना, मान्य स्पर्धांमधल्या कामगिरीवर. धनुष्य घडवणाऱ्याला त्यात जागा नाही. ऑलिम्पिकच्या धनुष्याची मूठ धातूची असते आणि पाती कार्बनची, शिंगाचं धनुष्य तिथे दिसत नाही. मुलाला तिरंदाजी खेळायची असेल तर प्रशिक्षक शोधा, पण तुमच्या पत्रात त्याने नेम धरल्याचा एकही उल्लेख नाही. त्याला घडवायचं आहे. घडवणाऱ्याला तुम्ही खेळाडू करायला निघालात, तर दोन्हीकडून जाईल.

पोटापाण्याचं मात्र मुलालाही स्पष्ट सांगते. एक चांगलं धनुष्य सुकून, मुरून तयार व्हायला कित्येक महिने जातात आणि गिऱ्हाईक थोडं. कोरियाने धनुष्य-बाण करणाऱ्यांची कला 1971 मध्ये सरकारी संरक्षणाखाली घेतली, ती टिकणं अवघड झालं होतं म्हणूनच. बीजिंगच्या ज्युयुआनहाओ या धनुष्यांच्या जुन्या कारखान्यात कित्येक दशकं काम बंद होतं, पुढे ते पुन्हा सुरू झालं आणि 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसायादीत गेलं. तेव्हा केवळ यावर घर चालेल असं गृहीत धरू नकोस, बाळा. हाताशी पदवी हवीच.

ती पदवी कुठली? एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डीएटी आणि आयआयटीची यूसीड या दोन्ही डिझाइनच्या प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या बारावीला देता येतात. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आहे. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर मटेरियल्सकडे, म्हणजे वस्तू ज्या पदार्थांच्या बनतात त्यांच्या अभ्यासाकडे बघा, कारण दाब-ताण तो आधीच हाताने शिकलाय.

डोक्यातून हे कसं काढायचं, याला माझं उत्तर नाही, कारण काढूच नये असं मला वाटतं. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि आधी माफी मागा. मग बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत काम थांबवायचं का, हे त्यालाच ठरवू द्या. त्याने आजवर केलेली मापं, सरसाची प्रमाणं, कुठला थर किती दिवसांत सुकला, हे आठवेल तसं एका वहीत लिहून काढू दे. पुढे कुणा कारागिराकडे शिकायला जायचं झालं, तर दाखवायला तीच वही लागेल.