वाचकांचे प्रश्न : सिंक केल्यावर पटकथेची मांडणी विस्कटते

प्रश्न : लॅपटॉपवर स्क्रिव्हनर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये मराठी पटकथा लिहितो. फोनवर दुरुस्त्या करता याव्यात म्हणून फाउंटन या पटकथेच्या स्वरूपातल्या फाइली सिंक करतो. परत आणल्यावर पात्रांची नावं आणि संवाद डाव्या कडेला चिकटतात, सगळं वर्णनच असल्यासारखं दिसतं. इंग्रजी पटकथा मात्र जशीच्या तशी राहते. असं का?

उत्तर : इंग्रजी शाबूत राहते यातच कारण सापडतं. २०१२ साली आलेलं फाउंटन म्हणजे निव्वळ साधा मजकूर. त्यात समास, फाँट काहीही साठत नाही. वाचणारा प्रोग्राम ओळीचं रूप बघून ती कशाची आहे हे ठरवतो. वर एक मोकळी ओळ, मग अख्खी ओळ कॅपिटल अक्षरांत आणि लगेच खाली मजकूर, म्हणजे पात्र. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. त्यामुळे नुसतं ‘सुमन’ लिहिलं की ते ॲक्शन (म्हणजे वर्णन) धरलं जातं, आणि वर पात्र नाही म्हटल्यावर खालचा संवादही ॲक्शनमध्येच जातो.

यावर फाउंटनमध्येच सोय आहे. नावाआधी @ लावायचं :

@सुमन
(दाराकडे बघत)
दादा आले का?

नाव आणि संवाद यांच्यामध्ये मोकळी ओळ सोडायची नाही. ‘कट टू’साठी ओळीच्या सुरुवातीला > हवं. दृश्याचं शीर्षक ‘अंतर्गत’ने सुरू केलंत तर तेही ओळखलं जात नाही. सुरुवातीचे ‘INT.’ (आतलं दृश्य) किंवा ‘EXT.’ (बाहेरचं दृश्य) रोमन अक्षरांत ठेवा, पुढचं ‘वाडा, रात्र’ खुशाल मराठीत लिहा. वर-खाली एकेक ओळ मोकळी हवीच.

फाइल परत आत घेण्याआधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. नावांपुढे @ नसेल तर ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधण्याची सोय) चालू करून ^सुमन$ शोधा आणि @सुमन घाला. नुसतं ‘सुमन’ शोधलंत तर वर्णनातल्या सुमनलाही @ लागेल. ^ आणि $ यांमुळे ओळीवर एकटं असलेलं नावच सापडतं. ‘सुमन (फोनवर)’ अशा ओळी मात्र हाताने दुरुस्त करा. @ जागेवर असूनही बिघडलं असेल, तर नावाखाली मोकळी ओळ शिरली आहे का ते पाहा. संवादाच्या मध्येच रिकामी ओळ हवी असेल तर तिथे दोन स्पेस लागतात. ओळीच्या शेवटच्या स्पेस आपोआप काढून टाकणारे एडिटर असतात. तसं झालं की संवादाचा उरलेला भाग ॲक्शन होतो.

फोनवरचा प्रोग्राम एफडीएक्स (फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या प्रोग्रामचं फाइल-स्वरूप) उघडत आणि जतन करत असेल, तर मराठीसाठी तेच निवडा. त्यात प्रत्येक परिच्छेदाला त्याचा प्रकार चिकटवलेला असतो, अंदाजाचा प्रश्नच येत नाही. स्क्रिव्हनरच्या ‘सिंक विथ एक्स्टर्नल फोल्डर’ खिडकीत ड्राफ्टच्या फाइलींचा प्रकार बदलता येतो. तिथेच बदलाआधी स्नॅपशॉट (मजकुराची जुनी प्रत) घेण्याचा पर्याय आहे. तो कधीही बंद करू नका. आज मांडणी गेली असेल तर त्याच स्नॅपशॉटवरून ‘रोल बॅक’ करून जुनी प्रत परत आणता येईल. सिंकचा फोल्डर मूळ प्रोजेक्टच्या आत ठेवू नका.

प्रश्न : कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली पटकथा पटकथेच्या प्रोग्राममध्ये चिकटवली. संवाद वाचता येतात, नावंच अगम्य होतात.

उत्तर : कृतिदेवमधली मराठी अक्षरं म्हणजे आतून रोमन अक्षरंच. पात्राच्या नावाला प्रोग्राम आपणहून कॅपिटल करतो, आणि त्या फाँटमध्ये लहान व कॅपिटल अक्षरांची चिन्हं वेगळी आहेत. संवादाला कॅपिटल लागत नाहीत म्हणून ते वाचतात. आधी सगळा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मगच चिकटवा. कुरिअर फाँटमध्ये देवनागरी नसल्याने प्रोग्राम दुसरा फाँट घेईल आणि पानांची संख्या बदलेल. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशेब अशा प्रतीवर धरू नका.